स्मारक नाणी : शासकीय स्मृती आणि व्यक्तिगत अर्थ

स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ साली, पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर निघाली. पुढे १९६९ मध्ये महात्मा गांधींच्या आणि १९९० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीनिमित्त, तसेच १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वर व छत्रपती शिवाजी महाराज यांच्या स्मरणार्थ नाणी काढण्यात आली. नाणकशास्त्राचा अभ्यासक धातू, वजन, वर्ष व टांकसाळीचे चिन्ह नोंदवितो. घरोघरी डब्यांत जपलेली नाणी मात्र या कसोट्यांवर निवडलेलीच नसतात. प्रस्तुत लेखात अशा, व्यक्तिगत अर्थाने जपलेल्या नाण्यांचा विचार केला आहे.

भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांचे, २००३ चे दोन रुपयांचे नाणे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या प्रवासी गाडीच्या स्मरणार्थ काढलेल्या या नाण्यावर कंदील घेतलेला 'भोलू' हत्ती आहे. शासनाच्या दृष्टीने ही एका संस्थेची स्मृती होय. निवृत्त गार्डाच्या घरी मात्र त्या कंदिलावर संसार चाललेला असतो. हेच नाणे त्याच्या अखेरच्या पगाराच्या दिवशी सुट्ट्या पैशांत हाती आलेले असेल, तर त्याला दुसरे नाणे पर्याय ठरू शकत नाही. बाजारात अशा झिजलेल्या नाण्याला दर्शनी मूल्यापलीकडे सहसा किंमत नाही. संग्राहकाला हाताळणीची खूण नसलेले नाणे हवे असते. कुटुंबाला नेमकी ती खूणच हवी असते.

अलीकडील ७५, १२५ किंवा १००० रुपये दर्शनी मूल्याची स्मारक नाणी व्यवहारात येतच नाहीत. टांकसाळीकडून ती अधिक किंमत देऊन मागवावी लागतात. ती देखणी असतात, पण योगायोगाने खिशात येण्याचा गुण त्यांच्यात नाही. जन्मवर्षाचे नाणे शोधणाऱ्याला मात्र वर्षाखालील खूण उपयोगी पडते : मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते.

जपणुकीत दोन चुका वारंवार आढळतात. एक, देवाची भांडी घासावीत तसे नाणे चिंचेने उजळणे. त्याने मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. दुसरी, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवणे; त्यातून कालांतराने नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो. परंतु सर्वांत मोठी हानी होते ती नोंद नसल्याने. नाण्यावर शासनाचा प्रसंग कोरलेला असतो, घराचा नव्हे. माहीतगार माणूस गेला की रेल्वेचे नाणे किराणा दुकानात दोन रुपये म्हणून खर्ची पडते. गांधी शताब्दीच्या वीस पैशांची तर तेवढीही गत नाही, कारण पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून वैध चलन राहिली नाहीत. ती थेट मोडीत जातात. म्हणून नाण्यासोबत साध्या कागदाची चिठ्ठी असावी आणि तीवर कोणाला, कोठे, कोणत्या दिवशी व कशाच्या मोबदल्यात ते मिळाले, एवढे लिहिलेले असावे.