राखणदाराची मलमपट्टी

कुत्र्याच्या जिभेत औषध असते, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. पायात काटा मोडला, कान फाटला, शेजारच्या मांजरीने नाक ओरबाडले की कुत्रा कोपऱ्यात बसून ती जागा चाटू लागतो आणि ‘आता तो आपले आपण बरे करील’ म्हणून घरातील माणसे निश्चिंत होतात. या समजुतीत मुळीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. लाळेत काही जंतूंना रोखणारे घटक असतात, आणि चाटण्याने वरवरची धूळमाती निघूनही जाते. परंतु त्याच लाळेत दुसरे असंख्य जंतू सुखाने नांदत असतात, आणि चाटावयास बसलेल्या कुत्र्याला थांबावे कोठे हे कळत नाही. नुकतीच धरू लागलेली खपली निघते, कातडी भिजून पांढरी पडते आणि चार आण्याएवढी जखम दोन दिवसांत रुपयाएवढी होते. घरच्या घरी उपचार करावयाचा तर औषधाच्या आधी या जिभेचा बंदोबस्त करावा लागतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माळव्यातील मराठी घरांना कुत्रा काही नवा नाही. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नावाने त्याला घास घालणारी आणि दत्ताच्या तसबिरीतील चार श्वानांना हात जोडणारी आपली माणसे. देवास येथे १७२८ मध्ये पवार बंधूंचे राज्य उभे राहिले, पुढे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदली, ती १९४८ मध्ये विलीन झाली. या पात्यांच्या सीमा माणसांनी कसोशीने पाळल्या. कुत्र्यांनी त्या कधी मानल्या असतील असे वाटत नाही. आजही धारच्या किंवा देवासच्या कोणत्याही आळीतील पाळीव कुत्रा दिवसातून एकदा तरी फाटकाबाहेर सटकतोच, आणि परत येताना काही ना काही लावून घेऊन येतो. ऋतूप्रमाणे जखमाही बदलतात. आश्विनात सोयाबीन कापले गेले की शेतात राहिलेली धसकटे पंजात घुसतात. संक्रांतीच्या दिवसांत मांजा पायाला कापतो. बाभळीचा काटा, भंगाराचा पत्रा आणि फुटकी बाटली यांना मात्र ऋतूचे बंधन नाही.

जखम दिसताच प्रथम आपले हात धुवावेत आणि कुत्र्याचे तोंड बांधावे. ही सूचना अनेकांना अपमानास्पद वाटते. ‘आमचा मोती आम्हांला कधी चावणार नाही’ असे म्हणणारे गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहिले आहेत; पण वेदनेने कळवळणाऱ्या मोतीला त्या क्षणी धनी आणि परका हा भेद राहत नाही. जुन्या धोतराची किंवा ओढणीची मऊ पट्टी नाकाभोवती एकदा गुंडाळून, हनुवटीखाली फिरवून कानांमागे बांधली की काम भागते. कुत्र्याला ओकारी होत असेल, धाप लागली असेल किंवा त्याचे नाक चपटे असेल तर मात्र तोंड बांधू नये. बांधलेले तोंडही काही मिनिटांतच मोकळे करावे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटे घट्ट दाबून धरावी. मधून मधून फडके उचलून ‘थांबले का?’ असे पाहण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक वेळी धरू लागलेली गुठळी सुटते. पंजाच्या गादीला थोडेसे कापले तरी रक्त बरेच येते, त्याने घाबरून जाऊ नये. रक्त थांबले की भोवतालचे केस कातरावेत. केस जखमेत पडू नयेत म्हणून आधी तीवर पाण्यात भिजवून पिळलेली जाळीदार पट्टी ठेवावी. मग अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवून त्याची धार जखमेवर सोडावी. लहान जखमेचा निम्मा उपचार या धारेतच आहे. तिने माती, रेती, काडीकचरा सारे वाहून जाते. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे औषधी दुकानात मिळणारे द्रावण पातळ चहाच्या रंगाचे होईपर्यंत पाण्यात मिसळून कापसाने टिपावे. दिवसातून दोनदा एवढे केले तर साधा ओरखडा आठवड्याच्या आत भरून येतो.

स्वयंपाकघरातील डब्यांविषयी येथे थोडे परखड बोलणे आवश्यक आहे. हळदीचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु डब्यातील, चमच्याचमच्याने रोज हाताळलेली हळद उघड्या जखमेत भरली की तिचा लगदा होतो आणि खाली काय चालले आहे ते दिसेनासे होते. तंबाखू, चुना, रॉकेल, गाडीचे जळके तेल हे तर सरळसरळ अघोरी प्रकार होत. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जंतूंबरोबर नवी येणारी कातडीही जळते. बाळाच्या लंगोटाखाली लावावयाच्या ज्या मलमांत झिंक ऑक्साइड असते ती कुत्र्याने चाटली तर त्याला विषबाधा होऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या अंगदुखीची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन ही गोळी दयेपोटी त्याच्या पोळीत घालू नये. कुत्र्याचे शरीर या औषधांचा निचरा माणसाप्रमाणे करू शकत नाही.

आता पुन्हा जिभेकडे वळू. गळ्याभोवती लावावयाचे नसराळ्याच्या आकाराचे प्लास्टिकचे कडे बाजारात मिळते. ते घातलेला कुत्रा दिसतो केविलवाणा, दारांना धडकतो, एक दिवस रुसतोही. परंतु त्याच्या त्या चेहऱ्याकडे पाहून विरघळू नये. पायाला पट्टी बांधली असेल तर ती रोज बदलावी आणि बोटे सुजलेली किंवा गार तर पडली नाहीत ना हे पाहावे. बाहेर नेताना पट्टीवर प्लास्टिकची पिशवी चढवावी व घरी येताच काढावी, नाही तर आतला दमटपणाच जखम नासवतो. पावसाळ्यात हे अधिकच खरे. माशीने जखमेत घातलेल्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या बाहेर पडू शकतात. तशा त्या दिसल्या तर फिनेल ओतू नये, डांबराची गोळीही भरू नये. ते काम डॉक्टरांचे आहे. जखमेच्या कडा फाकलेल्या असतील, आतले मांस दिसत असेल, दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, अथवा जखम डोळ्याजवळ, छातीवर, पोटावर किंवा सांध्यावर असेल तर तेथेही घरगुती वैद्यकी थांबवावी. टाके घालावयाचे तर ते पहिल्या काही तासांत घातलेले बरे.

दुसऱ्या कुत्र्याचा चावा मात्र कितीही बारीक दिसो, तो किरकोळ जखमांच्या यादीत बसत नाही. सुळ्याचे भोक वरून तिळाएवढे असले तरी आत खोलवर मांस फाटलेले असते, आणि चावणारा कुत्रा पिसाळलेला असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. अशा वेळी हातमोजे घालून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे आणि आधी लस टोचलेली असली तरी पुन्हा टोचून घ्यावी. हातमोजे एवढ्यासाठी की ती लाळ आपल्या बोटावरील विळीच्या चिरेतून आपल्यातही शिरू शकते. तसे झाल्याची शंका आली तर आपला हातही तितकाच वेळ साबणाने धुऊन सरकारी रुग्णालय गाठावे. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ मेस्टरला लस टोचून वाचविले. आपल्या देशात कसौली येथे १९०० मध्ये आणि कुन्नूर येथे १९०७ मध्ये पाश्चर संस्था निघाल्या. तथापि एकदा लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचत नाही, ही स्थिती जवळजवळ तशीच आहे. पोटातील त्या चौदा सुयांची धास्ती अजून पुष्कळांच्या मनात आहे. ती जुनी लस या शतकाच्या आरंभीच बंद झाली. आता मोजक्याच सुया दंडावर घ्याव्या लागतात.

शाळेत इतकी वर्षे मुलांत वावरल्यामुळे एक गोष्ट आम्ही खात्रीने सांगू शकतो. घरातील कुत्र्याची जखम सर्वांत आधी मुलांना कळते, आणि तिला हात लावण्यात तीच पुढे असतात. त्या धडपडीत स्वतःला दात लागला तर ती घरी सांगत नाहीत. आपल्याला रागावतील यापेक्षा कुत्र्याला घराबाहेर काढतील, ही भीती त्यांना मोठी वाटते. तेव्हा ‘सांगितलेस तर कुत्रा जाणार नाही’ हे वचन आईवडिलांनी आधीच देऊन ठेवावे, आणि ते पाळावे. ज्या दिवशी मलमपट्टी होईल त्या दिवशी मुलाच्या हातांवरून, पोटऱ्यांवरूनही एक नजर फिरवावी.

उपचारांची सोय आपल्याकडे दूर नाही. धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी पशुचिकित्सालये आहेत. गुंतागुंत असेल तर महू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय, जे १९५५ पासून चालू आहे, ते इंदूरच्या पलीकडे थोड्याच अंतरावर आहे. खेड्यात राहणाऱ्यांसाठी २०२३ पासून मध्य प्रदेशात पशुचिकित्सेची फिरती वाहने आली असून १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केला असता ती बोलावता येतात. कुत्र्याला नेताना चादरीत गुंडाळून न्यावे, जखम वर राहील असे धरावे, आणि लसीकरणाची पुस्तिका विसरू नये. बहुतेक घरांत ती दिनदर्शिकेच्या खिळ्यालाच अडकवलेली सापडते.