पगार एकला, पीपीएफ पाचला

सकाळची ८.१२ची लोकल चुकली तर अंधेरीकर ८.१६ला लटकतो. बचतीची गाडी चुकली की मात्र पुढची कधी महिन्याने येते, कधी वर्षाने, तर कधी येतच नाही. उपनगरातल्या बचतदारांसाठी तारखा, आकडे आणि नियमांची ही चटपटीत भेळ.

सहा तारखेची चुटपुट
पीपीएफचं व्याज मिळतं ते पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर. ५ एप्रिलपर्यंत पूर्ण दीड लाख भरले तर ७.१ टक्क्यांनी वर्षाचे १०,६५० रुपये. तेच ६ एप्रिलला भरले की एप्रिल कोरडा आणि ८८७ रुपये ५० पैसे गुल. पगार सात तारखेला होत असेल तर पीपीएफचे पैसे आधीच्या पगारातूनच बाजूला काढलेले बरे.

एका रात्रीत एक वर्ष
पीपीएफची १५ वर्षं खातं उघडल्या दिवसापासून मोजत नाहीत, तर त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. ३१ मार्च २०१० ला उघडलेलं खातं १ एप्रिल २०२५ ला पिकलं. शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी, १ एप्रिल २०१० ला उघडलं असेल, तर त्यांची तारीख १ एप्रिल २०२६! आणखी एक गंमत: घेणेकऱ्याला या खात्यावर कोर्टाची जप्ती आणता येत नाही. प्राप्तिकर खात्याला मात्र ही आडकाठी नाही.

वडाखालून बीकेसीत
१८५० च्या दशकात मुंबईचे दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमायचे. त्यातूनच १८७५ मध्ये शेअर बाजाराची संघटना उभी राहिली. आज राष्ट्रीय शेअर बाजार आणि सेबी दोघांचीही मुख्यालयं वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यात. पीएफचं भविष्य निधी भवनही वांद्रे पूर्वेलाच. पैशाच्या कामाला ‘टाउनला जातो’ म्हणणाऱ्या बोरिवलीकरांनी याची नोंद घ्यावी.

शंभराचे ऐंशी हजार
सेन्सेक्स जन्मला १ जानेवारी १९८६ ला, पण त्याची मोजणी सुरू होते १९७८-७९ पासून, १०० या आकड्यावर. जुलै २०२४ मध्ये त्याने ८०,००० ओलांडले. हे ऐकून हुरळून जाण्याआधी २३ मार्च २०२० आठवा. त्या एका दिवसात तो ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त आपटला होता. आठशे पट वाढ मिळाली ती असे दिवस पचवणाऱ्यांना.

मंत्री गेले, एलआयसी आली
आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा अर्थमंत्री होते रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख. जानेवारी १९५६ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत वटहुकूम निघाला. मग मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही या पेटलेल्या वादावरून जुलैत त्यांनी राजीनामा दिला. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसीचं काम सुरू झालं, तेव्हा चिंतामणराव मंत्रिमंडळात नव्हते. घाटकोपरच्या कपाटातल्या जुन्या पॉलिसीमागे संयुक्त महाराष्ट्राचा एवढा इतिहास आहे.

२१० की १,४५४?
अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना ५,००० रुपये हवेत? अठराव्या वर्षी शिरलात तर हप्ता महिना २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी शिरलात तर १,४५४. पहिला ४२ वर्षांत १ लाख ५ हजार ८४० रुपये भरतो, दुसरा २० वर्षांत ३ लाख ४८ हजार ९६०. पेन्शन मात्र दोघांना तेवढीच. प्राप्तिकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून या योजनेचं दार बंद आहे. पण रिक्षावाले काका आणि घरकामाच्या मावशींना हे नक्की सांगा. त्यांची चाळिशी उलटली असेल तर त्यांच्या मुलांना सांगा.

पीएफची पेन्शन, जेमतेम
कर्मचारी पेन्शन योजनेचं सूत्र सोपं: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. गोम अशी की २०१४ पासून पगाराची सर्वसाधारण मर्यादा १५,००० रुपये. मुलुंडहून रोज फोर्ट गाठत ३३ वर्षं नोकरी केलीत, वर वीस वर्षं पूर्ण केल्याची दोन वर्षांची बक्षिसी धरली, तरी या मर्यादेत पेन्शन ७,५०० रुपये. खऱ्या पगाराशी त्याचा संबंध नाही. उरलेलं म्हातारपण आपलं आपण भरायचं.

नावांचा क्रम बदला
सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ठेवींचा विमाही त्या वेळी एका लाखाचाच होता. तो ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाला. एकाच बँकेच्या बोरिवली आणि मुलुंड शाखांतल्या तुमच्या ठेवी इथे एकत्र धरतात. पण ‘पती-पत्नी’ आणि ‘पत्नी-पती’ अशा उलट क्रमाने काढलेल्या संयुक्त ठेवींना वेगवेगळं संरक्षण मिळतं. फॉर्म भरताना एवढी अदलाबदल फुकट आहे.

पाचशे वर्षांचा ७२
पैसे दुप्पट कधी होतील? ७२ ला व्याजदराने भागा. हा हिशेब इटलीच्या लुका पाचोलीच्या १४९४ च्या ग्रंथात सापडतो. १९८६ ते जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर १२ टक्के मिळत. त्या दराने सहा वर्षांत दुप्पट. आज ७.१ टक्क्यांनी दहा वर्षं. महागाईलाही हेच गणित लागू: ६ टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट, चोवीस वर्षांत चौपट. आज घर ५० हजारांत चालत असेल, तर तेव्हा दोन लाख लागतील.

दहा वर्षांचं मोल
महिना ५,००० रुपयांची एसआयपी, परतावा १२ टक्के धरू. वीस वर्षांत सुमारे ५० लाख, तीस वर्षांत सुमारे पावणेदोन कोटी. जास्तीच्या दहा वर्षांत खिशातून गेले फक्त सहा लाख, वाढले सव्वा कोटी. हे १२ टक्के कोणी लिहून देत नाही, म्हणून कद्रूपणे ६ टक्केच धरा: वीस वर्षांना २३ लाख, तीस वर्षांना ५० लाख. बाजार उदार असो की कंजूष, उशीर करणाऱ्याचं अर्ध्याहून जास्त गेलंच.