घराचा नकाशा कसा वाचावा

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आमच्या वस्तीतील बहुतेक छपरे गेली. तेव्हापासून घरे नव्याने उभी राहत आहेत. जवळजवळ सगळी सपाट स्लॅबची. वास्तुकलेचे विद्यार्थी जुन्या घरांची मापे घेऊन जे नकाशे काढतात, ते पाहून नवे घर बांधावे असे माझे मत आहे. फक्त ते नकाशे आपल्या डोळ्यांनी वाचले पाहिजेत.

नकाशा वाचणे अवघड नाही. मीटरभर उंचीवर घर आडवे कापून वरून पाहिले तर दिसेल तो तळाचा नकाशा. उभे कापून बाजूने पाहिले तर तो छेद. 1:100 प्रमाण असेल तर कागदावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 मीटर. एवढे कळले की पुरे.

किनाऱ्यावरील एका खोताच्या घराचे असे नकाशे माझ्याकडे आहेत. जांभ्याच्या जाड भिंती, चौपाखी कौलारू छप्पर, भिंतीपुढे आलेली वळचण, वर माळा. वळचणीमुळे पावसाचा मारा भिंतीवर येत नाही, माळ्यामुळे कौलांची उष्णता खोलीत उतरत नाही. समोरासमोरच्या दारांतून वारा खेळतो. खाऱ्या हवेत स्लॅबमधील सळया गंजून फुगतात, काँक्रीट फुटते. जांभ्याला ती भीती नाही. वादळात दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर अधिक टिकते, पण ते भिंतीला पक्के जखडलेले हवे आणि वळचण फार लांब नको. हे शहाणपण खोताचे नव्हे, ते गवंडी-सुतारांचे. ते घ्यायला संकोच कशाचा?

आता तोच छेद पुन्हा पाहा. अंगण, मग पडवी, मग ओटी, मग माजघर, त्याच्या आत देवघर. प्रत्येक टप्प्याला जोते थोडे चढत जाते. कोणी कुठवर यायचे ते या पायऱ्यांनी ठरवले होते. माझे आजोबा अंगणाच्या कडेला उभे राहत, आजी भाकरीसाठी मागील दारी जाई. नकाशात त्यांच्या उभे राहण्याच्या जागेची रेघ नाही. परसातील विहीर मात्र छोट्या वर्तुळाने दाखवली आहे. त्या वर्तुळाचा अर्थ कोणाला समजून घ्यायचा असेल तर याच जिल्ह्यात महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर काय झाले ते आठवावे.

आणि आमच्या घरांचे नकाशे? कोणी काढलेच नाहीत. कुडाच्या भिंती, शेणमातीचा लेप, दरवर्षी शाकारावे लागणारे गवताचे छप्पर. ‘ऐतिहासिक वास्तू’ या शब्दात ते बसत नाही. आईने खडूने जमिनीवर रेघा ओढून आजीच्या घराची चूल, रांजण आणि दार दाखवले. ते मी टेपने मोजून कागदावर उतरवले. एकच खोली, एकच पातळी. सासू, सून, पाहुणा सगळे एकाच जमिनीवर.

दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृहही ऐतिहासिक घरच आहे. बाबासाहेबांनी 1930च्या दशकात ते बांधले, तेव्हा वरचा मजला ग्रंथालयाला दिला. घराच्या मध्यभागी काय असावे, याचे हे वेगळे उत्तर.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. त्यात ओटी-माजघर बसत नाही, हे एका अर्थी बरेच आहे. आमच्या नव्या नकाशात सगळी जमीन एका पातळीत आहे, स्वयंपाकघराची खिडकी गल्लीकडे आहे आणि एक भिंत पुस्तकांची आहे. लाकूड परवडत नाही, म्हणून कैच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांच्या, वर कौले. आमच्या मिस्त्रीने ईशान्येला आपोआप ‘देवघर’ लिहिले होते. तिथे आता मुलांचे टेबल येईल.

किनाऱ्यावरची जुनी घरे बंगल्यांसाठी रोज पाडली जात आहेत. दोन माणसे, एक टेप आणि एक रविवार एवढ्यात घर मोजून होते. विद्यार्थ्यांनी सुरुवात वस्तीतील सर्वांत जुन्या झोपडीपासून करावी. ती आधी पडते.