जंतूंचाही कोरम असतो!

ग्रामपंचायतीची सभा असो की पतसंस्थेची, ठरावीक सभासद हजर असल्याशिवाय ठराव होत नाही. याला कोरम, म्हणजेच गणपूर्ती म्हणतात. भिक्खू संघातही हा नियम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्याचा मुद्दाम उल्लेख केला होता. पण डोळ्यांना न दिसणारे कित्येक रोगजंतूसुद्धा कोरम भरल्यावरच हल्ला करतात, असे आम्ही सांगितले तर खरे वाटेल काय? विज्ञानाने ते सिद्ध केले आहे, आणि कष्टकऱ्यांच्या रोजच्या जखमांशी त्याचा संबंध आहे.

समुद्रातला उजेड

१९७० साली अमेरिकेत केनेथ नीलसन, वुडलँड हेस्टिंग्ज व सहकारी समुद्रातल्या चमकणाऱ्या जंतूंचा अभ्यास करीत होते. जंतू थोडे असले की अंधारच राही. दाटी झाली की सारे एकदम उजळत. प्रत्येक जंतू एक रसायन बाहेर सोडत असतो. जंतू थोडे असतील तर ते विरून जाते, वाढले की साचते. त्यावरून ‘आपण पुरेसे झालो’ हे जंतूंना कळते. १९९४ मध्ये शास्त्रज्ञांनी या प्रकाराला नाव दिले, त्यात ‘कोरम’ हाच शब्द घेतला.

जखमेतली सभा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे ८ हजार माणसे गेली, हजारो जखमी झाली. ढिगाऱ्याखालच्या जखमेत माती आणि चिंध्या अडकतात. अशी जखम डॉक्टर लगेच शिवत नाहीत. आधी भरपूर धुतात, मेलेले मांस काढतात आणि काही दिवस उघडी ठेवतात. ही रीत जुनीच आहे. तिचे महत्त्व कोरममुळे अधिक उमगते.

पू करणारा स्टॅफिलोकॉकस थोडा असताना नुसता चिकटून बसतो. तेव्हाच विष सोडले तर शरीरातल्या पांढऱ्या पेशी सावध होऊन त्याला संपवतील. संख्या भरली की मात्र तो विष आणि मांस कुजवणारे रस सोडू लागतो. भाजलेल्या जखमेत हिरवट पू करणारा स्यूडोमोनासही असाच कोरम पाहतो. शिवाय तो स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. त्या थरात औषधाचा जोर कमी पडतो.

पटकीची तऱ्हा उलटी. तिचे जंतू थोडे असतानाच आतड्याला चिकटून विष सोडतात. कोरम भरला की विष थांबवून सुटे होतात आणि जुलाबावाटे बाहेर पडून पुढच्या घराच्या पाण्यात शिरतात. म्हणून पहिल्या पातळ जुलाबापासूनच जलसंजीवनी द्यावी, पाणी उकळून प्यावे.

आपण काय करावे?

ऊसतोडीत कोयता लागतो, वीटभट्टीवर हात भाजतो. वस्तीत आम्ही नेहमी ऐकतो, ‘एवढ्याशा जखमेला दवाखाना कशाला? रोज बुडतो.’ मग माती, शेण किंवा तंबाखू भरून फडके बांधले जाते. म्हणजे जंतूंच्या सभेला आपणच सभासद आणून दिले!

जखम लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, भोवतालचा भाग साबणाने धुवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. लाली, सूज, ठणका किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. साखरेचा आजार असेल तर साध्या ओरखड्यालाही जपा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सांगितले तितके दिवस घ्या. मेडिकलमधून मनाने दोन गोळ्या आणू नका.

जंतूंचा कोरम मोडणारी औषधे शोधण्याचे काम प्रिन्स्टनच्या बॉनी बॅसलर यांच्यासारखे शास्त्रज्ञ करीत आहेत. ती अजून आपल्या दवाखान्यात आलेली नाहीत. तोवर जंतूंची सभा भरण्याआधीच ती उधळणे आपल्या हाती आहे. एक रोज वाचवण्याच्या नादात बोट गेले, पाय गेला, तर घराची कितीतरी वर्षांची कमाई जाते, हे घरोघरी सांगितले पाहिजे.