हीट नंबर वाचणारी माणसं

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये वायुदलाने मिग-२१ला निरोप दिला. बासष्ट वर्षांची सेवा. वर्तमानपत्रांनी वैमानिकांच्या आठवणी छापल्या, ते योग्यच झालं. पण हे विमान १९८७पर्यंत आमच्या नाशिकजवळ ओझरला बनत होतं आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या सुट्या भागांसाठी सातपूर-अंबडच्या छोट्या शेडमधली माणसं राबत होती, याबद्दल एक ओळ कुठे वाचायला मिळाली नाही. त्याच सुमारास एका कन्सल्टंटचा मोबाइलवर मेसेज आला. एएस ९१०० या विमानभागांच्या गुणवत्ता मानकाची सगळी कागदपत्रं तयार मिळतील, तुम्ही फक्त सह्या करायच्या! सगळी नोकरी तपासणी विभागात केलेल्या माणसाला हे वाचून चीड येणारच.

सुरुवातीची वर्षं मी झरझर ओलांडतो. आयएसओ ९००० हे मानक १९८७ला आलं आणि नव्वदच्या दशकात एमआयडीसीतल्या प्रत्येक गेटवर त्याचा फलक लागला. फ्रेम केलेलं गुणवत्ता धोरण, प्रमाणपत्र मिळालं की पेढे, वर्षातून एकदा ऑडिटच्या आदल्या रात्री रजिस्टरं भरण्याची धावपळ. त्या दहा वर्षांतलं लक्षात ठेवावं असं काही मला आठवत नाही. विमानाच्या भागांना त्या चौकटीचा फारसा उपयोगही नव्हता. वस्तू चांगली बनते का, एवढाच प्रश्न ती विचारत होती. ही वस्तू नेमकी कुठल्या धातूची, तो कुठल्या भट्टीतून आला आणि कुणाकुणाच्या हातून गेला, हा विमानाचा प्रश्न वेगळाच असतो.

तो प्रश्न किती जिवावरचा आहे, ते १९८९च्या दोन अपघातांनी दाखवलं होतं. १९ जुलैला अमेरिकेत युनायटेडच्या डीसी-१० विमानाच्या शेपटाकडच्या इंजिनातली टायटॅनियमची चकती फुटली, सू सिटीला विमान कोसळलं आणि ११२ माणसं गेली. दोष धातू वितळवतानाच आत राहिला होता. तपास मागे मागे गेला तेव्हा उत्पादकाच्या नोंदींत एकाच अनुक्रमांकाच्या दोन चकत्या सापडल्या. पुढे ८ सप्टेंबरला ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं पार्टनेअरचं विमान डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं, ५५ जण गेले. शेपटाचा उभा पंख धरून ठेवणारे बोल्ट बनावट निघाले. एकीकडे नोंद घोटाळ्यात, दुसरीकडे वस्तूच खोटी.

विमानं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी १९९८मध्ये एकत्र येऊन आयएक्यूजी हा गट स्थापन केला आणि १९९९मध्ये एएस ९१०० आलं. हेतू चांगला होता. तोवर प्रत्येक मोठी कंपनी आपापला ऑडिटर त्याच पुरवठादाराकडे पाठवत असे. आता एकच प्रमाणपत्र सगळ्यांना चालणार होतं. पण या सोयीत एक गोष्ट उलटी झाली. ऑडिटचा खर्च आणि ऑडिटरची फी पुरवठादाराच्या खिशातून जाऊ लागली. ज्याची तपासणी करायची, त्यानेच तपासणाऱ्याला पैसे द्यायचे. माझा या व्यवस्थेवरचा मुख्य आक्षेप तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे.

आता माझ्या दशकाबद्दल. ओझरला सुखोई-३० बनू लागली ती २००४मध्ये. तिथपासून पुढची दहा वर्षं. त्याच काळात परदेशी कामंही पुणे, नाशिक, बेळगावकडे येऊ लागली. आमच्या शेडमध्ये स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. शिक्षण जेमतेम, पण ट्रेसेबिलिटी, म्हणजे वस्तूचा माग तिच्या धातूपर्यंत लावता येणं, म्हणजे काय ते मी त्यांच्याकडून शिकलो.

एका भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूला एक हीट नंबर मिळतो. त्या नंबरावर रासायनिक पृथक्करण आणि ताकदीच्या चाचण्या लिहिलेल्या असतात. बार आला की मामा मिलचं टेस्ट सर्टिफिकेट एका हातात धरायचे, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बारच्या टोकावरचं तेल पुसायचे आणि पंच केलेला नंबर एकेक अंक करून मोठ्याने वाचायचे. जुळला तरच बार मंजूर मालाच्या बॉन्ड स्टोअरमध्ये, नाहीतर जाळीच्या कुलूपबंद पिंजऱ्यात, लाल टॅग लावून. बार कापायचा तो कायम नंबर नसलेल्या टोकाकडून, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर नंबर शाबूत राहतो. कापायच्या तुकड्यावर नंबर आधी उतरवायचा, इन्स्पेक्टरच्या डोळ्यांदेखत, आणि मग त्याने आपला शिक्का जॉब कार्डवर मारायचा. प्रत्येक इन्स्पेक्टरच्या शिक्क्याचा आकडा वेगळा, तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही.

एकदा नवीन पोराने घाईत बार उलट्या बाजूने कापला. नंबर असलेला तुकडा मशिनवर चढून त्याच्या चिपा होऊन गेल्या होत्या.

"मामा, नंबर गेला हो. पण बार तोच आहे, मीच आणला सकाळी."

"तू आणलास ते मला माहीत आहे रे. विमानाला माहीत आहे का?"

उरलेल्या चांगल्या अल्युमिनियमला लाल रंग फासला गेला. मामांनी तो बार नुसता भंगारात टाकला नाही, तुकडे करून टाकला. रिजेक्ट झालेला भाग वापरता येणार नाही असा मोडूनच टाकायचा, हा विमान धंद्यातला नियम आहे, कारण भंगार परत येतं. १९९५मध्ये कोलंबियात कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं विमान डोंगरावर आदळलं, तेव्हा चोरांनी अवशेषांतले भाग काढून नेले आणि ते मायामीच्या बाजारात विकायला आले.

त्याच काळात फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शनने आम्हाला घडवलं. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक टीपेला गोल करून क्रमांक द्यायचा, त्याला बलूनिंग म्हणतात. पहिल्या नगावर त्या सगळ्या क्रमांकांची मापं घेऊन लिहायची, सोबत धातूचं आणि प्लेटिंग, हीट ट्रीटमेंटसारख्या स्पेशल प्रोसेसचं सर्टिफिकेट जोडायचं. साध्या ब्रॅकेटलाही जाडजूड फाइल व्हायची. ड्रॉइंग खऱ्या अर्थाने वाचायला आमच्या पिढीला याच कामाने शिकवलं.

पण वाळवीही त्याच दशकात लागली. एका मोठ्या खरेदीदाराच्या ऑफिसात मला ऐकवलं गेलं, "तुमचं मटेरियल चांगलंच आहे ना? मग पेपर मॅच करून द्या." एक ऑडिटर दिवसभर एसी केबिनमध्ये मॅन्युअलची पानं उलटत बसला, चहा-जेवण झालं, शॉप फ्लोअरवर पाऊल न टाकता शेरा दिला की सिस्टिम उत्तम आहे. मामांच्या पिंजऱ्याकडे तो फिरकलाही नाही. आणि प्रमाणपत्र हवंच म्हणून दरडावणारे लोक ऑर्डर मात्र सर्वांत कमी दराच्या कोटेशनला देत होते. तपासणीला वेळ लागतो, वेळेचे पैसे लागतात, हे त्यांना कळत होतं. त्यांनी ते दरात कधी धरलं नाही.

हे आपल्याकडेच होत होतं असंही नाही. अमेरिकेतली सापा प्रोफाइल्स ही कंपनी तब्बल १९ वर्षं अल्युमिनियमच्या चाचण्यांचे आकडे बदलून प्रमाणपत्रं देत होती. नासाचे दोन उपग्रह, २००९ला एक आणि २०११ला दुसरा, रॉकेटच्या नाकाचं आवरण वेगळं न झाल्यामुळे बुडाले. त्याचा दोष नासाने या धातूवर ठेवला. जपानच्या कोबे स्टीलने २०१७मध्ये आकडे फिरवल्याची कबुली दिली.

२०२३चं प्रकरण तर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावं असं आहे. लंडनच्या एओजी टेक्निक्सने सीएफएम५६ इंजिनांचे भाग बनावट रिलीज सर्टिफिकेटवर जगभर विकले. जगातल्या सर्वांत जास्त वापरातल्या इंजिनांपैकी हे एक. ते सापडलं कसं? पोर्तुगालच्या टॅप एअरच्या वर्कशॉपमध्ये एक किरकोळ भाग कागदावर नवाकोरा होता आणि हातात घेतल्यावर वापरलेला दिसला. त्यांनी उत्पादकाला विचारलं, तेव्हा कागद खोटा निघाला. पुढच्याच वर्षी बोइंग आणि एअरबसच्या विमानांत खोट्या कागदांचं टायटॅनियम गेल्याचं उघड झालं. तिथेही धातूवर गंजाची बारीक छिद्रं कुणाच्यातरी नजरेला पडली होती. दोन्ही वेळा चोरी पकडली ती वस्तू हातात घेऊन पाहणाऱ्या माणसाने.

आणि नेमका तोच माणूस आम्ही काढून टाकत आलो आहोत. मामा निवृत्त झाले, त्यांच्या जागी बारकोड स्कॅनर आला. बारकोडला माझा विरोध नाही, त्याने नोंद क्षणात सापडते. पण स्कॅनर लेबल वाचतो, बारच्या टोकावरचा पंच वाचत नाही. लेबल चुकीच्या बारवर चिकटवलं असेल तर पुढची सगळी साखळी संगणकात अगदी बिनचूक, आणि खोटी. कोविडनंतर काही ऑडिट पडद्यावरच उरकली गेली. इन्स्पेक्टरचा शिक्का आता लॉगिन झाला आहे आणि तो पासवर्ड शिफ्टमधल्या चौघांना माहीत असतो, हे मी पाहिलं आहे. मामांच्या काळी असा शिक्का दुसऱ्याकडे सापडला असता तर नोकरी गेली असती.

१७ ऑक्टोबर २०२५ला ओझरमध्ये तेजसची नवी उत्पादन साखळी सुरू झाली, तिथे बनलेलं पहिलं तेजस त्याच दिवशी आकाशात गेलं. नाशिकच्या शेडकडे पुन्हा काम येणार आहे, यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून अंबड, सातपूर, सिन्नरच्या तरुण मालकांना एवढंच सांगतो: तयार कागद विकणाऱ्याला दारात उभं करू नका. स्टोअरमध्ये नंबर वाचणारा एक माणूस नेमा, त्याला बऱ्यापैकी पगार द्या आणि माल अडवण्याचा अधिकार त्याच्या नेमणूकपत्रातच लिहून द्या. ऑर्डर कितीही घाईची असली तरी तुम्ही स्वतःसुद्धा त्याचा 'नाही' मोडू नका. एवढं झालं की मग सर्टिफिकेटसाठी अर्ज करा.