प्रश्न विचारण्याची रीत आणि उत्तर देणाऱ्याची जबाबदारी

आपल्या बहुतेक कारागीर बांधवांच्या हातात आता मोबाईल आहे आणि त्यावर लूमवाले, रंगाईवाले, छपाईवाले यांचे निदान दोन-तीन ग्रुप तरी आहेत. पूर्वी अडचण आली की उस्तादाकडे जावे लागे. उस्ताद लूमवर हात ठेवून, सूत बोटांत चोळून पाहत आणि मगच बोलत. ग्रुपवर उत्तर देणाऱ्याला ना लूम दिसतो, ना सूत. त्याला दिसतात फक्त आपण लिहिलेले शब्द. एवढा फरक ध्यानात न घेतल्यामुळे कितीतरी प्रश्न वाया जातात आणि कधीकधी मालही वाया जातो.

काही वर्षांपूर्वी आमचा लाल सुताचा एक लॉट परत आला. कापड धुतले की लाल रंग पांढऱ्या काठावर उतरत होता. आम्ही घाईघाईने ग्रुपवर लिहिले, "रंगात भेसळ येते आहे, चांगला लाल रंग कोणाकडे मिळेल?" अर्ध्या तासात सात दुकानांचे पत्ते आले! महागडा रंग आणला, तर पुढचा लॉटही तसाच उतरला. मग एका जाणत्या रंगाई मिस्त्रीने आम्हालाच उलट विचारले की रंग कोणत्या जातीचा, पाणी बोअरचे की नळाचे, आणि रंगाईनंतर साबणाचे उकळते पाणी किती वेळ दिले? तेव्हा उलगडा झाला. रिॲक्टिव्ह रंगाचा काही भाग सुताशी जोडला न जाता पाण्याशीच संयोग पावतो आणि धाग्यावर नुसता बसून राहतो. उकळत्या साबणाच्या पाण्याने तो काढला नाही, तर तो गिऱ्हाइकाच्या बादलीत निघतो. आमच्याकडे जळण वाचवण्यासाठी माल कोमट पाण्यात खंगाळून वाळत टाकला जात होता. दुकानदाराचा काडीचाही दोष नव्हता. आम्ही आजार सांगितलाच नव्हता. आपल्या मनाने ठरवलेले औषध तेवढे मागितले होते.

संगणकाचे काम करणाऱ्यांनी ही चूक फार आधी ओळखली. एरिक रेमंड या अमेरिकन प्रोग्रामरने २००१ साली प्रश्न कसे विचारावेत यावर एक लांबलचक टिपण लिहिले. जे घडताना दिसते ते सांगा, आपला तर्क म्हणजे हकीकत नव्हे, हा त्यातला मोठा मुद्दा. २००८ साली अमेरिकेत स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचे ठिकाण सुरू झाले. तेथे विचारणाऱ्याने आधी काय करून पाहिले ते लिहावे आणि दोष दाखवणारा प्रोग्रामचा लहानात लहान तुकडा जोडावा, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे तो तुकडा म्हणजे बिघडलेल्या कापडाची वीतभर चिंधी. दिवसाच्या उजेडात, शेजारी नाणे ठेवून तिचा फोटो काढावा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोवरून रंगाची छटा ओळखता येत नाही.

माहिती अपुरी असली म्हणजे काय होते पाहा. "रंग किती गरमीवर बसवावा?" असे कोणी विचारले की एक जण ४० अंश सांगतो, दुसरा ६०, तिसरा ८०, आणि भांडण लागते. वास्तविक तिघेही खरे असतात. एम जातीचा, म्हणजे कोल्ड ब्रँडचा रंग ३० ते ४० अंशांवर बसतो, व्हीएस जातीचा ६० च्या आसपास आणि एचई जातीचा ८० वर. डब्यावरचे नाव लिहिले असते तर एका उत्तरात काम झाले असते.

आणखी एक सवय आहे. पुष्कळ भाऊ फक्त "अस्सलामु अलैकुम, कोणी आहे का?" एवढेच लिहून थांबतात. सलामला जवाब येतो, पण प्रश्न दुपारी येतो, तोवर जाणता माणूस कामाला लागलेला असतो. सलाम जरूर करावा आणि त्याच संदेशात पूर्ण प्रश्न लिहावा. पाच ग्रुपांवर एकच प्रश्न टाकला असेल तर तसे सांगावे, म्हणजे पाच माणसे एकाच गोष्टीवर डोके खपवत बसणार नाहीत. प्रश्नासोबत पार्टीचे बिल किंवा तिची खास डिझाइन टाकू नये. ती दुसऱ्याची अमानत आहे.

उत्तर देणाऱ्याचे काम तर याहून नाजूक. आमच्या देखत एकाने डाग काढण्यासाठी ब्लीचिंग पावडरमध्ये थोडे ॲसिड टाका, असा सल्ला सहज लिहून टाकला. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जीवावर बेततो. सुदैवाने दुसऱ्याने लगेच रोखले. आपण स्वतः केलेले आणि नुसते ऐकलेले, यांतला फरक उत्तरात लिहिलाच पाहिजे. माहीत नसेल तर गप्प बसण्यात काही कमीपणा नाही. आपल्याच दुकानाचे केमिकल सुचवायचे असेल तर दुकान आपले आहे हेही सांगावे. हल्ली काही जण चॅटजीपीटीचे उत्तर जसेच्या तसे चिकटवतात. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच अशा उत्तरांना मनाई केली, कारण वाचायला झोकदार पण चुकीची उत्तरे फार येऊ लागली होती. तेथे चुकीच्या उत्तराने प्रोग्राम अडतो; आपल्याकडे कढईत माणसाचे हात असतात. नवशिक्याच्या प्रश्नावर हसणारेही आहेत. तो पुन्हा विचारत नाही, अंदाजानेच रंग टाकतो आणि नुकसान सोसतो.

काम झाल्यावर मात्र बहुतेक जण गायब होतात. शुक्रिया म्हणायलाही येत नाहीत, मग कोणत्या उपायाने गुण आला ते कळणार कसे? आम्ही लॉट सुधारल्यावर किती साबण घातला, किती वेळ उकळले, ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून कसे तपासले, हे सारे ग्रुपवर लिहिले. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, रमजानच्या तोंडावर, एका अनोळखी भावाने काहीही न विचारता एवढेच कळवले की तुमचा जुना संदेश सापडला, माल सुधारला. त्याचा रंग लाल नव्हता, हिरवा होता.