हायडेलबर्गचे विद्यापीठ आणि धनगरांच्या ओव्या

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, नेकार नदीच्या काठी असलेल्या हायडेलबर्ग येथील विद्यापीठ १३८६ साली पॅलेटिनेट संस्थानाचा अधिपती पहिला रूप्रेख्त याने स्थापन केले. त्यासाठी लागणारी पोप सहावा अर्बन याची अनुमती त्याने आदल्याच वर्षी मिळवली होती. आजच्या जर्मनीतील हे सर्वांत जुने विद्यापीठ होय. धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान या चार विद्याशाखांची त्याची रचना पॅरिसच्या विद्यापीठावरून घेतलेली होती आणि मार्सिलियस हा त्याचा पहिला रेक्टर, म्हणजे शिक्षकांनी आपल्यातूनच निवडलेला प्रमुख होता. एवढा इतिहास कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळतो. मराठी वाचकाने या विद्यापीठाकडे वळावे याचे कारण मात्र वेगळे आहे. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या महाराष्ट्रातील मेंढपाळांच्या दैवतांवरील एक मूलगामी ग्रंथ याच विद्यापीठातील अध्यापकाने लिहिला.

ग्रंथसंग्रह हरवणे म्हणजे काय, हे या विद्यापीठाइतके थोड्याच संस्थांनी अनुभवले असेल. पवित्र आत्म्याच्या चर्चमधील सज्जांत ठेवलेला पॅलेटिना हा हस्तलिखितांचा संग्रह युरोपात नावाजलेला होता. १६२२ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, कॅथलिक सेनापती टिली याने शहर जिंकले आणि बव्हेरियाच्या अधिपतीने हा संग्रह पोपला नजर केला. ओझे हलके व्हावे म्हणून पुष्कळ हस्तलिखितांच्या जड बांधण्या उसकटल्या गेल्या आणि पाने खेचरांवर लादून आल्प्सपलीकडे रोमला नेण्यात आली. १८१६ साली त्यांतील ८४७ जर्मन हस्तलिखिते परत आली. लॅटिन आणि ग्रीक संग्रहाचा मोठा भाग आजही व्हॅटिकनमध्येच आहे.

हायडेलबर्गच्या विद्यार्थिजीवनाची घडण मराठी वाचकाला काहीशी अनोळखी वाटेल. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील महाविद्यालयीन विद्यार्थी ज्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतो, ते १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ प्रामुख्याने संलग्न महाविद्यालयांचे आहे, म्हणजे शिकवणे एकीकडे आणि प्रश्नपत्रिका व पदवी दुसरीकडे अशी तिथली व्यवस्था आहे. हायडेलबर्गमध्ये सामान्यतः जो शिकवतो तोच परीक्षा घेतो, आणि खरी कसोटी लागते ती परिसंवादवर्गात, जिथे विद्यार्थ्याला निबंध वाचून त्याचे समर्थन करावे लागते. तास वेळापत्रकातील ठोक्यानंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ही जुनी रीत आहे, आणि व्याख्यान संपल्यावर टाळ्यांऐवजी बाकांवर बोटांच्या पेरांनी ठोकले जाते. पूर्वी विद्यापीठाला स्वतःचा न्यायाधिकार असल्यामुळे दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी कोठडीही होती. ती १९१४ पर्यंत वापरात होती आणि तिच्या भिंतींवर कैद्यांनी रंगवलेली चित्रे आजही पाहायला मिळतात.

या स्वायत्ततेने ऐन वेळी मात्र दगा दिला. १९३३ नंतर ज्यू अध्यापकांना काढून टाकण्यात आले, आणि भारतीय कला व पुराणकथांचे अभ्यासक हाइनरिख झिमर यांची पत्नी ज्यू वंशाची असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांचेही अध्यापन बंद करण्यात आले. प्रवेशद्वारावरील ‘जिवंत चैतन्यास’ ही अर्पणपंक्ती बदलून तेथे ‘जर्मन चैतन्यास’ असे कोरण्यात आले, आणि युद्धानंतर मूळ शब्द पुन्हा बसवावे लागले. पदव्यांनी माणसे शहाणी होतातच असे नाही, याचा याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही.

१९६२ मध्ये येथे दक्षिण आशिया संस्थेची स्थापना झाली. एका प्रदेशाचा इतिहास, भाषा, अर्थकारण आणि धर्म यांचा अभ्यास एकाच छपराखाली व्हावा, अशी तिची कल्पना होती. तेथील गुंथर-डीत्झ सोन्थायमर (१९३४–१९९२) हे मूळचे कायद्याचे अभ्यासक; हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये निघाला. त्यापूर्वीच, १९७६ मध्ये, मेंढपाळांच्या दैवतांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये आले. पोथ्या आणि शिलालेख यांच्यावरच विसंबून न राहता कळपांमागे हिंडणाऱ्या धनगरांचे म्हणणे त्यांनी पुरावा म्हणून स्वीकारले. वीर या गावचा म्हस्कोबा हा सोनारीहून कमळाजी या धनगर भक्तामागे आला, ही कथा त्यांच्या दृष्टीने भाबडी दंतकथा नव्हती. मेंढपाळांच्या वाटा आणि नव्या वस्त्या यांची आठवण त्यांना तिच्यात दिसली. खंडोबाची पहिली पत्नी म्हाळसा वाण्याची आणि दुसरी बाणाई धनगराची, या सवतींच्या कथेतही त्यांनी पेठ आणि माळरान यांचे नाते वाचले.

पुरावा म्हणून ओवी हाताळणे सोपे नसते. धनगरी ओवीत मुख्य गायक ओळ म्हणतो, साथीदार ती उचलतात, मध्येच गाणे थांबते आणि तोच प्रसंग बोलीत सांगितला जातो. हे सारे ध्वनिफितीवर आले, तरी कागदावर उतरवताना एकमेकांवर चढलेले आवाज, गिळलेली अक्षरे आणि कोशात नसलेले शब्द आडवे येतात. शिवाय ओवी प्रत्येक वेळी नव्याने घडत असल्यामुळे तिची मूळ प्रत असे काही नसतेच. सोन्थायमर यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या बिरोबा आणि धुळोबा या दैवतांच्या दोन दीर्घ ओव्या इंग्रजीत ग्रंथरूपाने आल्या त्या २०१४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर बावीस वर्षांनी. आणि त्यासाठी फेल्डहाउस यांना रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांचे साहाय्य घ्यावे लागले.

ही दिरंगाई केवळ योगायोगाची मानता येत नाही. जर्मन विद्यापीठात विषय हा प्राध्यापकाच्या पीठाभोवती उभा राहतो. ते पीठ रिकामे झाले की तोच विषय पुढे चालेल याची हमी नसते, आणि मोजकीच प्राध्यापकपदे असलेल्या अशा विषयांना तेथे ‘लहान विषय’ असे नावच पडले आहे. मराठी लोकधर्माचा अभ्यास परक्या देशातील अशा एखाद्या पदावर सोडून देणे म्हणूनच धोक्याचे आहे. विदर्भात तर पोळ्याला म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, दंडार व खडी गंमत ही लोकनाट्ये असे पुष्कळ मौखिक साहित्य अजून लोकांच्या तोंडी आहे आणि तान्ह्या पोळ्यासाठी प्रसिद्ध असलेले सिंदी नागपूरहून रेल्वेने जवळ आहे. नागपूर विद्यापीठाच्या मराठी विभागाने वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांना हाताशी धरून या झडत्यांचे ध्वनिमुद्रण आणि लेखन येत्या पोळ्यापासूनच सुरू करावे, आणि म्हणणाऱ्याचे नाव, गाव व वर्ष यांची नोंद प्रत्येक झडतीसोबत ठेवावी.